श्रवणबेळगोळ, हळेबीड, बेलूर : एक दिवस शांतलादेवीच्या मागावर



हळेबीड-बेलूर आपल्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलं असेल. बेळगोळची यात्रा झाली की ट्रिपवाले बस तिकडे वळवतात. दोन्ही देवळांत मिळून दीड-दोन तास, चार फोटो, आणि बस म्हैसूरच्या वाटेला लागते. मीही पूर्वी दोनदा अशीच जाऊन आले. या वेळी मात्र स्वतंत्र गाडी केली आणि अख्ख्या दिवसासाठी स्वतंत्र गाईड घेतला. आम्ही तिघंच होतो : मी, हे आणि माझी धाकटी जाऊ. खर्च बसपेक्षा कितीतरी जास्त झाला, पण त्याचा हिशेब मी शेवटपर्यंत मनातल्या मनात मांडत होते आणि तो मला पटला. कारण एकच. गाडी कुठे थांबवायची ते आपल्या हातात असतं.

गाईड हसनचे, पन्नाशीचे गृहस्थ. हिंदी चांगली, मराठी थोडी समजायची. त्यांचा नेहमीचा क्रम आधी बेलूर, मग हळेबीड, शेवटी बेळगोळ असा. आम्ही तो उलटा करायला लावला. विंध्यगिरीच्या साडेसहाशेच्या आसपास पायऱ्या कातळातच कोरलेल्या आहेत आणि त्या अनवाणी चढायच्या. ऊन तापल्यावर तो दगड तव्यासारखा होतो. म्हणून आदल्या रात्री धर्मशाळेत मुक्काम आणि सकाळी उजाडताच चढाई. ह्यांच्या गुडघ्यांमुळे त्यांना डोलीत बसवलं. तळपायांना त्रास होत असेल तर मोजे घालायला हरकत नसते, ते जरूर बरोबर ठेवा.

बाहुबलींबद्दल मी तुम्हाला नव्याने काय सांगणार? इ. स. ९८१च्या सुमाराची, एका अखंड ग्रॅनाइटमधली, ५७-५८ फूट उंच मूर्ती. गंग राजांचा मंत्री चावुंडराय याने ती घडवून घेतली. आईने, काललदेवीने, बाहुबलींचं दर्शन होईपर्यंत दूध न घेण्याचा नियम केला होता, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. दुसरी कथा गुल्लिकायज्जीची. चावुंडरायाच्या घागरीच्या घागरी दुधाने अभिषेक पुरा होईना, आणि या म्हातारीने एवढ्याशा फळाच्या करवंटीतून आणलेलं दूध पायांपर्यंत पोचलं. तिची मूर्ती बाहुबलींच्या समोरच उभी आहे. गाईडनी दोन्ही कथा छान रंगवून सांगितल्या.

मला मात्र मूर्तीच्या पायाशी असलेली अक्षरं बघायची होती. करवणाऱ्याचं नाव तिथे कानडीत आहे, तमिळमध्ये आहे आणि नागरी लिपीत मराठीतही आहे. चावुंडराजांनी ‘करवियलें’, असं सरळ आपल्या भाषेत लिहिलंय. पुढची ओळ गंगराजाची, त्याने मूर्तीभोवतीचा परिसर, म्हणजे ‘सुत्ताले’, करवियला. गंगराज होयसळांचा सेनापती होता, बाराव्या शतकातला. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत या ओळी मोजतात. आपल्याकडची माणसं तेव्हाही इथे दर्शनाला येत असणार, नाहीतर मराठीत लिहायची गरजच काय?

खाली उतरून, नाश्ता करून आम्ही समोरच्या चंद्रगिरीवर गेलो. इथेच बस-ट्रिपा कमी पडतात. मोठा डोंगर झाला की लोक दमतात आणि छोटी टेकडी राहून जाते. गाईडही म्हणाले, “वहाँ ज़्यादा कुछ नहीं है, माताजी.” मी म्हटलं, आम्हाला तेच बघायचंय.

बेळगोळच्या दोन्ही टेकड्या आणि गाव मिळून पाचशेच्या वर शिलालेख आहेत. राइस साहेबांनी ते १८८९ साली पहिल्यांदा छापले. पुढे नरसिंहाचार यांनी वाढवून १९२३ साली पुन्हा काढले. चंद्रगिरीवरचे सगळ्यांत जुने लेख इ. स. ६००च्या सुमाराचे, म्हणजे बाहुबलींच्या मूर्तीआधी जवळजवळ पावणेचारशे वर्षं. बरेचसे सल्लेखना घेतलेल्या मुनींचे, आर्यिकांचे आणि श्रावक-श्राविकांचे आहेत.

मी कॉमर्सची. मला या लेखांत पहिल्यांदा दिसला तो ताळेबंद. कुणी दान दिलं, कधी दिलं, कशासाठी दिलं, त्याचं उत्पन्न कुठे जायचं, सगळं लिहिलेलं. तेराव्या शतकातल्या काही लेखांत तर बाहुबलींच्या अभिषेकासाठी गद्याण नाण्यांची कायम ठेव ठेवली आहे. मुद्दल हलवायचं नाही आणि व्याजातून रोज ठरलेल्या मापाचं दूध घालायचं. आपण मुदत ठेवीच्या व्याजातून वार्षिक पूजा लावतो, तीच रीत. आणि देणाऱ्यांत बायकांची नावं शोधावी लागत नाहीत, ती आपोआप समोर येतात.

एरडुकट्टे बस्ती लक्ष्मीची, म्हणजे गंगराजाच्या बायकोची. कत्तले बस्ती गंगराजाने आई पोचव्वेसाठी बांधलेली. त्यांच्या शेजारी शासन बस्ती, तिच्या दाराशी मोठा लेख आहे म्हणून ते नाव. त्या लेखातली हकीकत मला फार आवडते. गंगराजाने चालुक्यांच्या सैन्याचा पराभव केला. राजा खूश होऊन म्हणाला, माग काय हवं ते. याने एक गाव मागितलं, आणि त्याचं उत्पन्न आईने आणि बायकोने बांधलेल्या मंदिरांच्या पूजेला लावून दिलं. सन १११८. मी हे ह्यांना दोनदा वाचून दाखवलं. ते फक्त “हं” म्हणाले.

लक्ष्मी ११२१ साली सल्लेखना घेऊन गेली. तिच्या नावाचा लेख गंगराजाने उभा करवला. त्यात तिचे दागिने नाहीत, रूपही नाही. आहेत ती आहार, अभय, औषध आणि शास्त्र ही चार दानं. आपण पाठशाळेत जी बोटांवर मोजायला शिकलो तीच.

आता शांतलादेवी. इथे मला तुम्हाला थोडी घरातली गोष्ट सांगावी लागेल. माझ्या जावेच्या मुलीचं लग्न ठरलंय. मुलगा चांगला, तिच्याच ऑफिसातला. घर वारकरी, माळकरी, म्हणजे मांसाहाराचा प्रश्न नाही. तरी जावेला झोप नाही. “अक्का, पोरगी गेली की धर्म गेला. तिच्या पोरांना णमोकार कोण शिकवणार?” हे तिचं पालुपद. तिचं मन जरा रमावं म्हणूनच तिला बरोबर घेतलं होतं.

चंद्रगिरीवर शांतलेने बांधलेली सवतिगंधवारण बस्ती आहे. सन ११२३. मूलनायक शांतिनाथ. नाव मोठं गमतीचं. सवतींपुढे मदमस्त हत्तीसारखी, ही तिची बिरुदावली, तीच मंदिराला दिलेली. बाई साधी नव्हती! पण तिचं दुसरं बिरुद आहे सम्यक्त्वचूडामणी. तिचे गुरू प्रभाचंद्र सिद्धांतदेव. मंदिर बांधून ती थांबली नाही, त्याच्या पूजेसाठी आणि मुनींच्या आहारासाठी गाव लावून दिलं.

आणि हिच्या घरची परिस्थिती काय? नवरा विष्णुवर्धन, ज्याच्याबद्दल सगळे सांगतात की आधी जैन होता आणि रामानुजाचार्यांमुळे वैष्णव झाला. वडील मारसिंगय्या कट्टर शैव. आई माचिकब्बे जैन. म्हणजे मिश्र घर तिला सासरीच नाही, माहेरीसुद्धा होतं.

हे सांगितलं तेव्हा जाऊ बस्तीच्या पायरीवर बसली होती. ती म्हणाली, “म्हणजे आईकडून आलं?” मी म्हटलं, लेख तरी तसंच दाखवतात.

पुढचं वाचताना गळा दाटतो. ११३१ साली शांतला शिवगंगेला गेली. शिवगंगेला आज एक कडा दाखवतात आणि मूल नव्हतं म्हणून राणीने तिथून उडी घेतली असं सांगतात. आमच्या गाईडनीही तेच सांगितलं. बेळगोळच्या लेखात उडीचं नाव नाही. त्या तीर्थी ती देवलोकी गेली, एवढंच आहे. त्यापुढे आहे ते तिच्या आईचं. मुलगी गेल्यावर माचिकब्बे बेळगोळला आली आणि गुरूंच्या साक्षीने महिनाभर उपवास करून तिने देह ठेवला. कड्याची गोष्ट लोकांना आवडते, मला ती पटत नाही. मूल नाही म्हणून जीव दिला, हे बाईबद्दल फार सहज बोललं जातं. मंदिर, दान, गुरू, बिरुदं एवढं सगळं दगडावर असताना लक्षात राहावी ती उडी?

दुपारी भोजनशाळेत जेवून निघालो. हळेबीड तिथून ऐंशीएक किलोमीटर. हळेबीड म्हणजे जुनी राजधानी द्वारसमुद्र. १३११ साली मलिक काफूरच्या स्वारीत ती लुटली गेली. होयसळेश्वराचं देऊळ ११२१च्या सुमाराचं. आत दोन गाभारे : एक राजाच्या नावाचा होयसळेश्वर आणि दुसरा शांतलेश्वर, राणीच्या नावाचा. बसच्या ट्रिपमध्ये हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीवरचे हत्ती, घोडे, रामायण-महाभारत गाईडनी मन लावून दाखवलं. तो दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागून कठीण होतो, म्हणून एवढं बारीक काम झालं. २०२३मध्ये बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूर ही तिन्ही देवळं जागतिक वारसा यादीत गेली. तेव्हापासून गर्दी वाढली आहे, हे गाईडनी आनंदाने सांगितलं.

पण तिथून जवळच बस्तीहळ्ळीत तीन जैन बस्त्या आहेत आणि तिथे आम्ही तिघं, गाईड आणि एक राखणदार, एवढेच. पार्श्वनाथ बस्तीत चाकावर फिरवून गुळगुळीत केलेले काळे खांब आहेत, त्यांत आपलं रूप वेडंवाकडं दिसतं. गाईडचा भर त्यावरच. मूर्ती माणसाच्या दुपटीहून उंच, वर नागफणा. पोळ्या लाटून दुखावलेला खांदा जोडून मी हात जोडले आणि थोडा वेळ तिथेच बसले.

ही बस्ती गंगराजाचा मुलगा बोप्प याने वडिलांच्या स्मरणार्थ ११३३ साली बांधली. तिथल्या लेखातली हकीकत अशी. प्रतिष्ठा झाल्यावर पुजारी गंधोदक आणि अक्षता घेऊन बंकापूरला विष्णुवर्धनाकडे गेले. त्याला नुकताच लढाईत विजय मिळाला होता आणि मुलगाही झाला होता. राजाने उठून वंदन केलं, प्रसाद मस्तकी लावला, देवाला विजयपार्श्व हे नाव दिलं आणि मुलाचं नाव ठेवलं विजय नरसिंह. राजा वैष्णव झाला, त्याने बेलूरचं देऊळ बांधलं आणि मग जैनांचे दिवस फिरले, असं गाईड सकाळपासून सांगत होते. बेलूरचं देऊळ १११७चं. हा लेख त्यानंतर सोळा वर्षांचा, आणि शांतला तेव्हा हयातही नव्हती, म्हणजे बायकोच्या भिडेखातर केलं असंही म्हणता येत नाही. मी हे गाईडना सांगितलं. ते सज्जन माणूस, म्हणाले, “मैडम, सब लोग यही कहानी सुनना चाहते हैं.” खोटं नाही बोलले.

बेलूरला पोचेपर्यंत साडेचार झाले. सोळा किलोमीटरच अंतर, पण मध्ये चहा. चेन्नकेशवाच्या बाहेरच्या मदनिका पाहण्यासारख्याच आहेत, आत आणि बाहेर मिळून ४२. आरशात बघणारी दर्पणसुंदरी म्हणजेच शांतला, असं इथले सगळे गाईड सांगतात. असेलही, नसेलही. रूपावरून ओळखण्यापेक्षा नावावरून ओळखावी असं मला वाटतं, आणि नाव त्याच आवारात आहे. मोठ्या देवळाच्या बाजूला कप्पे चेन्निगरायाचं लहान देऊळ आहे. गाभाऱ्यात विष्णू. ते करवलं शांतलादेवीने, मोठ्या देवळाच्याच वेळी. म्हणजे विष्णूचं देऊळ बांधल्यानंतर सहा वर्षांनी ती चंद्रगिरीवर शांतिनाथ बसवते, आणि तिचे गुरू तिला सम्यक्त्वचूडामणी म्हणवून घेऊ देतात.

यावर आमच्या दोघींचं जमलं नाही. मला वाटतं, सासरच्या देवाला मान द्यायचा आणि आपला नियम मोडायचा नाही, हे तिला साधलं होतं. जावेचं म्हणणं, “ती राणी होती अक्का. तिला गाव दान देता येत होतं. आमच्या पोरीला दहा बाय दहाच्या स्वयंपाकघरात जागा मागावी लागणार.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तिचं खोटंही नाही.

सूर्यास्ताला तास-दीड तास होता. तिथल्याच झाडाखाली डबे उघडले : दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. तुम्ही गेलात तर जेवणाचं बरोबरच घ्या, हसनला पोचेपर्यंत अंधार होतो. गाईडनाही वाढलं, त्यांनी दोन दशम्या मागून घेतल्या. जाऊ डबा आवरता आवरता त्यांना विचारत होती, शांतलेच्या आईचं नाव पुन्हा एकदा सांगा, लिहून घेते. गाईडना ते आठवेना. मग मीच सांगितलं, माचिकब्बे.