ग्रीस : भग्नावशेषांपलीकडचा देश

ग्रीसचे नागरिक आपल्या देशाला 'ग्रीस' म्हणत नाहीत. त्यांच्या भाषेत तो 'एल्लादा' आहे. 'ग्रीस' हे नाव लॅटिनमधून युरोपीय भाषांत पसरले, तर आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील आयोनिया या प्रदेशाच्या नावावरून फारसीत 'युनान' आणि संस्कृतात 'यवन' हे शब्द रूढ झाले. लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यांतील स्तंभांवर आणि नाशिकच्या पांडवलेण्यांत 'यवन' दात्यांचे शिलालेख आढळतात. मध्य प्रदेशात विदिशेजवळ हेलिओडोरस या ग्रीक राजदूताने इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस वासुदेवाच्या सन्मानार्थ उभारलेला गरुडस्तंभ आजही उभा आहे.

भारतीय वाचकाला ग्रीस परिचित आहे तो असा, दोन हजार वर्षांपूर्वीचा. सॉक्रेटिस, सिकंदर, ऑलिम्पिक आणि संगमरवरी देवळे ही त्याची ठळक ओळख. अथेन्सला उतरणाऱ्या प्रवाशाची गाठ पडते तो समाज मात्र प्रामुख्याने गेल्या दोनशे वर्षांतील स्वातंत्र्ययुद्ध, स्थलांतर, दुष्काळ, यादवी आणि कर्जसंकट यांतून घडलेला आहे. या काळाची माहिती नसेल, तर तेथील माणसांचा स्वभाव, त्यांचे सण आणि पर्यटकांविषयीची त्यांची अलीकडची अस्वस्थता यांचा उलगडा होत नाही.

भूमी आणि समुद्र

ग्रीसचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ तमिळनाडूएवढे आहे. लोकसंख्या मात्र सुमारे १ कोटी ५ लाख असून तिच्यातील एक तृतीयांशाहून अधिक लोक राजधानी अथेन्स आणि तिच्या परिसरात राहतात. देशाचा बहुतांश भूभाग डोंगराळ आहे. लहानमोठी सुमारे सहा हजार बेटे असली, तरी वस्ती आहे ती २२७ बेटांवर.

सुपीक जमीन थोडी आणि समुद्र सर्वत्र, यामुळे नौकानयन, व्यापार आणि परदेशगमन ग्रीक जीवनाचा भाग बनले. शहरात स्थायिक झालेल्या कुटुंबालाही आपले मूळ गाव, म्हणजे 'होर्यो', असते. ईस्टर आणि ऑगस्टमधील सुट्ट्यांत अथेन्सचे रस्ते ओस पडतात आणि गावे गजबजतात.

पार्थेनॉनचा अडीच हजार वर्षांचा प्रवास

अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरील पार्थेनॉन हे अथेना देवीचे मंदिर इ.स.पूर्व ४४७ ते ४३२ या काळात उभारले गेले. पुढे त्याचे ख्रिस्ती चर्च झाले आणि ऑटोमन राजवटीत मशीद. सप्टेंबर १६८७मध्ये व्हेनिसच्या सैन्याने टेकडीवर तोफा डागल्या, तेव्हा आत साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन वास्तूचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिन याने तेथील अनेक शिल्पे उतरवून नेली. १८१६मध्ये ती ब्रिटिश म्युझियमच्या ताब्यात गेली. ती परत मिळावीत, ही ग्रीसची जुनी मागणी आहे. २००९मध्ये उघडलेल्या अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयात मूळ शिल्पांच्या शेजारी लंडनमधील शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती मांडल्या आहेत. दोहोंच्या रंगांतील फरक सहज दिसतो.

आजची टेकडी जशी दिसते, तशी ती प्राचीन काळापासून टिकून राहिलेली नाही. स्वातंत्र्यानंतर तिच्यावरील मशीद, मनोरा आणि घरे पाडून केवळ प्राचीन अवशेष राखण्यात आले. नव्या राष्ट्राने आपला कोणता भूतकाळ पुढे आणायचा, याविषयी घेतलेला तो निर्णय होता.

स्वातंत्र्य आणि निर्वासितांचा देश

१४५३मध्ये कॉन्स्टँटिनोपल ऑटोमनांच्या हाती गेले आणि ग्रीक प्रदेशाचा बराच मोठा भाग सुमारे चार शतके त्यांच्या सत्तेखाली राहिला. १८२१मध्ये उठाव झाला व १८३०मध्ये स्वतंत्र ग्रीक राज्याला मान्यता मिळाली. पहिली राजधानी नाफ्प्लिओ होती. १८३४मध्ये ती अथेन्सला हलवण्यात आली. त्या वेळचे अथेन्स एक छोटे, युद्धाने उजाड झालेले गाव होते.

आधुनिक ग्रीसच्या इतिहासातील सर्वांत खोल जखम १९२२ची आहे. तुर्कस्तानशी झालेल्या युद्धात ग्रीक सैन्याचा पराभव झाला, आजचे इझ्मिर म्हणजे तेव्हाचे स्मिर्ना शहर जळाले आणि आशिया मायनरमधील ग्रीकांना घरदार सोडून पळावे लागले. जानेवारी १९२३मध्ये लोझान येथे झालेल्या करारानुसार दोन्ही देशांनी लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल केली. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, तर साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान तुर्कस्तानात गेले. इस्तंबूलमधील ग्रीक आणि पश्चिम थ्रेसमधील मुसलमान यांना यातून वगळण्यात आले होते. अदलाबदलीचा निकष भाषा नव्हता, धर्म होता. त्यामुळे तुर्की बोलणारे ख्रिस्ती 'ग्रीक' ठरले आणि ग्रीक बोलणारे क्रीट बेटावरील मुसलमान 'तुर्क' ठरले. १९४७ची फाळणी ज्यांच्या कुटुंबाने अनुभवली, त्या भारतीयांना या घटनेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

सुमारे ५० लाख लोकसंख्येच्या देशात हे निर्वासित सामावले गेले. अथेन्समधील नेआ स्मिर्नी, नेआ इओनिया, नेआ फिलाडेल्फिया या वस्त्यांची नावे गमावलेल्या गावांवरून पडली आहेत. 'नेआ' म्हणजे नवी. १९२४मध्ये स्थापन झालेल्या एईके या अथेन्सच्या फुटबॉल क्लबच्या नावातील शेवटचे अक्षर कॉन्स्टँटिनोपलचे आहे. बंदरालगतच्या गरीब वस्त्यांत बहरलेले 'रेबेतिको' हे गीतसंगीत एकेकाळी हलक्या दर्जाचे मानले जाई. २०१७मध्ये युनेस्कोने त्याचा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

जिवंत स्मृती

२८ ऑक्टोबर १९४० रोजी पंतप्रधान मेताक्सास यांनी मुसोलिनीची निर्वाणीची मागणी फेटाळली. तो दिवस 'ओही', म्हणजे 'नाही', या नावाने राष्ट्रीय सण म्हणून पाळला जातो. त्यानंतरच्या जर्मन ताब्याच्या काळात, विशेषतः १९४१-४२च्या हिवाळ्यात, अथेन्समध्ये भीषण दुष्काळ पडला. मुक्ततेनंतर १९४६ ते १९४९ यादवी युद्ध झाले आणि अनेक कुटुंबे दुभंगली. एप्रिल १९६७ ते जुलै १९७४ या काळात लष्करी हुकूमशाही होती. नोव्हेंबर १९७३मध्ये अथेन्सच्या पॉलिटेक्निकमधील विद्यार्थ्यांनी केलेला उठाव रणगाडे घालून चिरडण्यात आला. दरवर्षी १७ नोव्हेंबरला तेथे फुले वाहिली जातात.

२०१०मध्ये सुरू झालेल्या कर्जसंकटात अर्थव्यवस्था सुमारे एक चतुर्थांशाने आकसली, बेरोजगारीचे प्रमाण २०१३मध्ये २७ टक्क्यांच्या वर गेले आणि लाखो सुशिक्षित तरुणांनी देश सोडला. अर्थसाहाय्याचा शेवटचा कार्यक्रम ऑगस्ट २०१८मध्ये संपला. पण कपात झालेली निवृत्तिवेतने आणि परदेशी गेलेली मुले हे विषय घरोघरी अजून बोलले जातात. ग्रीक माणूस राजकारणावर मोकळेपणाने आणि आवाज चढवून वाद घालतो. नवख्याला ते भांडण वाटते, पण बहुधा ती नेहमीची चर्चा असते.

धर्म, सण आणि नामदिन

बहुसंख्य ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत. ऑटोमन काळात भाषा आणि ओळख टिकवण्यात चर्चचा मोठा वाटा होता, अशी सर्वसाधारण भावना असल्याने फारसे धार्मिक नसलेले लोकही सण मनापासून पाळतात. ईस्टर हा वर्षातील सर्वांत मोठा सण. त्याची तारीख ऑर्थोडॉक्स गणनेनुसार ठरते आणि ती अनेकदा पाश्चात्त्य ईस्टरहून वेगळी असते. शुक्रवारी रात्री फुलांनी सजवलेल्या प्रतीकात्मक शवपेटीची मिरवणूक निघते. शनिवारी मध्यरात्री एका मेणबत्तीवरून दुसरी पेटवत प्रकाश गर्दीत पसरतो आणि लोक ती ज्योत जपून घरी नेतात. लाल रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटून फोडण्याची प्रथाही घरोघर आहे.

वाढदिवसाइतकाच, किंबहुना अनेकांच्या बाबतीत त्याहून अधिक, महत्त्वाचा असतो नामदिन. ज्या संताचे नाव व्यक्तीला दिलेले असते, त्या संताच्या दिवशी तिला शुभेच्छा मिळतात आणि मिठाई तीच इतरांना देते. चर्च आणि मठांत जाताना खांदे व गुडघे झाकणारे कपडे आवश्यक असतात. उत्तरेकडील माउंट एथॉस या मठांच्या स्वायत्त प्रदेशात स्त्रियांना प्रवेश नाही.

पंगत आणि कॉफी

ग्रीक भोजन टेबलाच्या मध्यभागी ठेवलेल्या अनेक बशांतून सर्वांनी मिळून खाण्याचे असते. जेवणाच्या शेवटी यजमानाने किंवा खानावळीच्या मालकाने फळ, गोड पदार्थ अथवा पेय आपणहून पुढे ठेवणे याला 'केरास्मा' म्हणतात. ते नाकारणे बरे दिसत नाही. छोट्या भांड्यात उकळलेली, तळाशी गाळ राहणारी ग्रीक कॉफी घाईने प्यायची नसते. कॉफीगृहात एका पेल्यावर तास-दोन तास बसलेल्या गिऱ्हाईकाला सहसा कोणी उठवत नाही.

शाकाहारी भारतीयांना उपवासाची परंपरा उपयोगी पडते. उपवासाच्या 'निस्तिसिमा' पदार्थांत मांस, अंडी आणि दूध नसते. तथापि, कोळंबी आणि माकूळ त्यात चालतात, म्हणून विचारून घेणे इष्ट. ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्यांना 'लादेरा', तर उकडलेल्या रानभाज्यांना 'होर्ता' म्हणतात. मोठ्या पांढऱ्या वालासारख्या दाण्यांचे 'गिगांतेस' आणि सोललेल्या डाळीचा 'फावा' हेही पोटभरीचे पर्याय आहेत.

भाषा आणि हावभाव

ग्रीक ही तीन हजारांहून अधिक वर्षे लेखी पुरावा असलेली भाषा आहे. 'लिनिअर बी' लिपीतील मृत्पट्टिका ग्रीकमध्येच लिहिल्या आहेत, हे मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२मध्ये उलगडले. विद्वानांनी घडवलेली शुद्ध भाषा वापरावी की लोकांची बोली, हा वाद दीड शतक चालला आणि १९७६मध्ये लोकभाषेच्या बाजूने निकाली निघाला.

अभिवादनासाठी परिचिताला 'यासू' आणि वडीलधाऱ्यांना किंवा अनोळखी माणसाला 'यासास' म्हणतात. फरक आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखा आहे. 'ने' हा नकारार्थी वाटणारा शब्द तेथे होकार दर्शवतो. मान मागे झटकून जिभेने 'च्च' असा आवाज काढला, तर तो नकार असतो. उघडा तळहात, बोटे फाकवून, समोरच्याकडे करणे हा अपमान मानला जातो. पाच हा आकडा बोटांनी दाखवताना किंवा थांबण्याची खूण करताना भारतीयांकडून ही चूक सहज होऊ शकते.

पाहुणा आणि परका

ग्रीकमध्ये 'क्सेनोस' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : परका आणि पाहुणा. त्यावरून आदरातिथ्यासाठी 'फिलोक्सेनिया' हा शब्द आला. आज या आदरातिथ्याची कसोटी लागत आहे. २०२३मध्ये देशाच्या लोकसंख्येच्या सुमारे तिप्पट, म्हणजे तीन कोटींहून अधिक परदेशी पर्यटक तेथे आले. त्यांच्यावर लाखोंची उपजीविका चालते, हे खरे. पण अल्पमुदतीच्या भाड्याने घरे दिली जाऊ लागल्याने शिक्षक, परिचारिका आणि विद्यार्थी यांना घरे मिळणे कठीण झाले असून, कोरड्या बेटांवर उन्हाळ्यात पाण्याचा ताण वाढतो. २०२३च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरील रहिवाशांनी आरामखुर्च्यांनी व्यापलेले सार्वजनिक किनारे मोकळे करावेत, यासाठी आंदोलन केले.

सरकारनेही काही निर्बंध आणले आहेत. सप्टेंबर २०२३पासून अ‍ॅक्रोपोलिसवर दिवसाला २० हजार पर्यटकांची मर्यादा असून प्रवेशाची वेळ आधी ठरवावी लागते. मध्य अथेन्सच्या तीन विभागांत जानेवारी २०२५पासून अल्पमुदतीच्या भाड्याच्या घरांची नवी नोंदणी थांबवण्यात आली. त्याच वर्षी सांतोरिनी आणि मिकोनोस येथे क्रूझ जहाजांतून उतरणाऱ्यांवर शुल्क लागू झाले. तीव्र उष्णतेच्या लाटेत अ‍ॅक्रोपोलिस दुपारी बंद ठेवले जाते.

भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ हवामान, खर्च आणि स्थानिकांची सोय या तिन्ही दृष्टींनी योग्य. उन्हाळ्यात दुपारी ३ ते ५.३० ही विश्रांतीची वेळ नियमानेच शांत राखायची असते. सांतोरिनीऐवजी एपिरसमधील दगडी घरांची गावे किंवा थेसालोनिकीचे जुने बाजार पाहिले, तर गर्दी कमी लागते आणि संवादाला सवड मिळते.

एका समाजाने दुसऱ्याला समजून घेण्याचे एक उदाहरण या दोन देशांच्या इतिहासातच आहे. अथेन्समध्ये १७६०मध्ये जन्मलेले दिमित्रिओस गालानोस हे १७८६मध्ये कोलकात्यातील ग्रीक व्यापाऱ्यांच्या मुलांना शिकवण्यासाठी भारतात आले. १७९३मध्ये ते काशीला गेले, तेथील पंडितांकडून संस्कृत शिकले आणि भगवद्गीतेसह अनेक ग्रंथ त्यांनी ग्रीकमध्ये आणले. १८३३मध्ये काशीतच त्यांचे निधन झाले. त्यांनी मागे ठेवलेली हस्तलिखिते अथेन्सला पोहोचली आणि त्यांतील अनुवाद पुढे तेथेच प्रसिद्ध झाले.