वस्ताद आधी, डाव मागाहून

१८४७ च्या सुमारास पुण्यात वीस वर्षांचा एक माळ्याचा मुलगा पट्ट्याचे हात आणि गोळीने निशाण मारणे शिकत होता. शिकवणारे लहुजी साळवे जातीने मांग, जन्म पेशवाईच्या पडत्या काळातला, गंज पेठेतल्या तालमीचे वस्ताद. शिकणारे जोतीराव फुले. १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिताना जोतीरावांनी या शिक्षणाची आणि आपल्या वस्तादाची नावानिशी नोंद केली. पुढे लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करणारे वासुदेव बळवंत फडकेही लहुजींकडेच गेले. माळी काय, ब्राह्मण काय, दोघांनाही मांगाच्या तालमीची पायरी चढावी लागली. त्या काळच्या पुण्यात ही साधी बाब नव्हती.

जोतीरावांनी कुस्ती सोडून पट्टाच का धरला, हा प्रश्न आजच्या माणसाला पडतो. तेव्हा तो फारसा कुणाला पडला नसता. लहुजींच्या हातात पट्टा होता, बंदूक होती, म्हणून पट्टा आणि बंदूक. पलीकडच्या आळीत नाव कुस्तीचे असेल तर तिथला पोर लंगोट लावून मातीत उतरायचा. नवशिक्याने चार विद्या समोर मांडून त्यातली एक उचलायची, ही कल्पना आपल्याकडे फार उशिरा रुजली.

उलट निवड व्हायची ती शिकणाऱ्याची. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ इ. स. ११३१ च्या सुमाराचा. त्यातल्या मल्लविनोदाच्या प्रकरणात वय, बांधा आणि ताकद पाहून मल्लांची प्रतवारी कशी लावावी, त्यांना काय खाऊ घालावे, सराव कसा करून घ्यावा, हे सगळे येते. मल्लाला काय आवडते हा विषयच तिथे नाही.

तालमीतली रीतही तीच. नवा पोर आला की त्याच्या हाती आधी फावडे येते. आखाड्यातली लाल माती रोज उकरावी लागते, नाहीतर ती दबून दगड होते आणि पडणाऱ्याची हाडे मोजते. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ आणि निर्जंतुक ठेवायची. पहिले कित्येक दिवस पोर माती उकरतो, जोर मारतो, बैठका काढतो आणि मोठ्या पैलवानांच्या अंगाला माती लावतो. वस्ताद कोपऱ्यात बसून पाहत असतो. याची मान कशी आहे, कंबर किती घट्ट आहे, दमल्यावर हा तोंड फिरवतो की पुन्हा उभा राहतो. लांब हातापायांच्या पोराने ढाक हा डाव धरावा, बसक्या अंगाच्याने पट काढावा, हे त्याच्या मनात ठरत असते. पोराला ते कळते बऱ्याच उशिरा, आणि तेही वस्तादाने ‘आता हे कर’ म्हटल्यावर.

मल्लखांबाची कथा याच मुशीतली आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब असे दोन पैलवान आले आणि त्यांनी जोड मागितली. कुणी पुढे होईना, तेव्हा बाळंभटदादा देवधर या तरुणाने ते आव्हान घेतले. तयारीसाठी तो वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर गेला आणि तिथे झाडाच्या खोडावर वानरांना खेळताना पाहून त्याला ही विद्या सुचली, असे सांगतात. कथेतले वानर बाजूला ठेवावेत. ‘मानसोल्लासा’तही मल्लाच्या खांबाचा उल्लेख आहे, म्हणजे खांब जुनाच होता. बाळंभटदादांनी त्याची घडी बसवली, शिष्य तयार केले आणि १८१८ नंतर पेशव्यांबरोबर ही विद्या ब्रह्मावर्ताला (बिठूर) गेली. एरंडेल चोळलेल्या गुळगुळीत लाकडावर अढी घातली की मांडीची पकड इतकी पक्की होते की समोरचा पैलवान त्यातून सुटताना रडकुंडीला येतो. मल्लखांब हा मुळात कुस्तीगिराचा सराव. पुढे तोच स्वतंत्र खेळ झाला आणि पोरे थेट खांबाकडे यायला लागली.

१८७८ चा शस्त्र कायदा आला आणि हत्याराच्या विद्येचे चित्र पालटले. परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरला. पट्टा, विटा, बोथाटी, जंबिया ही लढाईची आणि सरावाची साधने आता ‘मर्दानी खेळ’ म्हणून जगू लागली. दसरा आणि मिरवणुका हे त्यांचे रणांगण झाले. कोल्हापूरच्या पेठांनी ही विद्या जपली, हे त्या शहराचे मोठे उपकार. मात्र खेळ झाल्यावर त्यात दिखाऊपणाही शिरला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

दांडपट्टा जवळून पाहिला की नवशिक्याच्या हाती तो लगेच का देत नाहीत ते कळते. लांब, सरळ, लवणारे पाते आणि कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा. मूठ आत आडवी धरायची. खोबळ्यात मनगट वळतच नाही, त्यामुळे तलवारीसारखा मनगटाचा वार इथे करता येत नाही. वार खांद्यातून निघतो आणि खांद्याला जोर मिळतो तो पायांतून. म्हणून आधी पवित्रे. रिकाम्या हाताने, मग काठीने, पुढे-मागे, आडवे, गिरकी घेऊन. पाय चुकला तर पाते स्वतःच्याच पोटरीवर येते. जमिनीवरचे लिंबू धावत येऊन कापणारा खेळाडू पाहताना लोकांची नजर पात्यावर असते, जाणकाराची टाचेवर. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला.

सगळ्या विद्या एका छपराखाली आल्या त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. बडोद्यात जुम्मादादा या मुसलमान उस्तादाचा आखाडा त्यांचे शिष्य गजानन यशवंत माणिकराव यांनी पुढे चालवला. जुम्मादादांचेच नाव त्यांनी व्यायाममंदिराला दिले. बडोद्याचे महाराज सयाजीराव यांनी माणिकरावांना ‘राजरत्न’ केले. माणिकरावांनी कवायतीच्या इंग्रजी आज्ञांऐवजी देशी आज्ञा बसवल्या आणि एका वेळी शेकडो मुलांकडून लाठी, लेझीम करून घेण्याची पद्धत घातली. तालमीत वस्तादाच्या नजरेखाली एकेक पोर घडायचा, इथे रांगेने मुले घडू लागली. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा सुरू केला आणि त्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. उन्हाळी वर्ग, अभ्यासक्रम, ‘व्यायाम विशारद’ ही पदवी, असा सगळा सरंजाम तिथे होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे, दादरचे समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चे. आता एका अंगणात कुस्तीचा हौदा, मल्लखांब आणि लाठीचा वर्ग शेजारी शेजारी दिसू लागले आणि पोराला पहिल्यांदाच विचारता आले, मी यातले काय करू?

ज्याला अंगण नव्हते त्याच्यासाठी पुस्तक आले. बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादलेला ‘व्यायामज्ञानकोश’ १९३६ ते १९४९ या काळात १० खंडांत निघाला. कुस्तीच्या डावांपासून हत्यारांच्या हातांपर्यंत सगळे त्यात चित्रांसह आहे. पुस्तक वाचून ढाक कुणाला मारता येणार नाही. पण किती वस्तादांच्या पोटात काय काय होते, ते त्या खंडांमुळे कळते. मराठीत या विषयावर त्याच्या तोडीचे काम नाही.

निवडीचा एक मजेशीर दाखला औंधचा. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी तरुणपणी शरीरसौष्ठवपटू युजीन सँडोच्या साधनांवर आणि पुस्तकांवर लुब्ध झाले आणि सुमारे दहा वर्षे त्यांनी तो व्यायाम नेमाने केला. मग ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि पुढे त्याचे देशातले सर्वांत मोठे प्रचारक झाले. ही काही युद्धकला नव्हे, पण वस्तादाशिवाय, परदेशी साहित्यावर आपला व्यायाम ठरवणारा माणूस आपल्याकडे त्यांच्या आधी सापडणे अवघड आहे.

त्याआधीच जपानमध्येही हीच उलथापालथ झाली होती. जिगोरो कानो हा किरकोळ अंगाचा, मुलांचा मार खाणारा विद्यार्थी जुजुत्सु शिकायला धडपडत होता आणि १८७० च्या दशकात ती विद्या मागे पडल्याने त्याला गुरू मिळेना. शेवटी त्याने हाडवैद्यांची दारे ठोठावली, कारण जुने जुजुत्सुवाले हाडे बसवण्यावर पोट भरत. अशाच एका हाडवैद्याने त्याला १८७७ साली फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे धाडले. (बडोद्याचे माणिकरावही हाडे बसवण्यात नामांकित होते. आखाडा आणि हाडवैद्य ही जोडी दोन्ही देशांत सारखीच.) १८८२ साली कानोने तोक्योत कोदोकान काढले, विद्येला ज्युडो म्हटले आणि पायऱ्या (‘दान’) व काळा पट्टा आणला. गिचिन फुनाकोशीने १९२४ मध्ये कराटेत पहिल्या दान दिल्या त्या कानोच्याच पद्धतीने. कमरेच्या पट्ट्याचा रंग बदलतो आणि प्रगती दुरून दिसते, ही युक्ती किती जबरदस्त होती ते पुढे मुंबई-पुण्यातल्या पालकांनी सिद्ध केले.

मधल्या काळात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची गोष्ट घडली. वडील दादासाहेब स्वतः मल्ल, घरातच कुस्ती. खाशाबांनी काही निवडले नाही. पण १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांना गादीवर उतरावे लागले आणि मातीत नावारूपाला आलेला पैलवान बाविसाव्या वर्षी पुन्हा नवशिका झाला. मातीत पाठ टेकवली की निकाल लागतो. गादीवर गुण मोजले जातात, वेळ मोजली जाते, पायाखाली पकड वेगळी लागते. रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना ते शिकवले. लंडनला सहावा क्रमांक आला. १९५२ ला हेलसिंकीला जाताना पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ १९७३ चा. त्यानंतरच्या दशकांत शहरांतल्या शाळांच्या सभागृहांत पांढऱ्या पोशाखातली मुले रांगेने ओरडू लागली. तालमीवाल्यांनी त्याला नाके मुरडली, पण ती नाराजी काही अंशी चुकीची होती. कराटेच्या वर्गाला ठरलेली वेळ होती, ठरलेली फी होती, घरी परतताना अंगाला माती नव्हती, आणि मुख्य म्हणजे मुलींना दार उघडे होते. मारुतीची तसबीर आणि लंगोट यांच्या तालमीने पिढ्यान्‌पिढ्या अर्ध्या समाजाला उंबऱ्याबाहेर ठेवले, हे तिच्या कौतुकात विसरले जाते. दोरीच्या मल्लखांबाने ते दार थोडे किलकिले केले. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मात्र व्हायला २०२३ साल उजाडले. ती सांगलीत झाली.

कोल्हापुरात ‘तालीम’ या पाटीखाली आता काय सापडेल याचा नेम नाही. १९१२ साली शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान खुले केले, ते कुस्तीच्या शहराला शोभेल असे. गंगावेश, मोतीबाग या तालमींत आजही माती उकरली जाते. पण पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावे गावात आज जास्त ऐकू येतात ती फुटबॉलच्या सामन्यांत. पेठेतला पोर तालमीत नाव घालतो आणि घरी येतो बूट घेऊन. लहुजींच्या काळचाच नियम अजून चालू आहे म्हणायचा: जवळच्या तालमीत जे असेल ते.

निवडीचे स्वातंत्र्य आले हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर वस्तादाची नजर गेली आणि तिची जागा माहितीपत्रकाने घेतली, हा तोटा खरा आहे. तेव्हा ज्याला किंवा जिला आज सुरुवात करायची आहे, त्यांनी कराटे की कुस्ती की मल्लखांब यावर महिनाभर खल करू नये. घरापासून चालत जाता येईल अशा दोन-तीन ठिकाणी सरावाच्या वेळी जाऊन तासभर भिंतीला टेकून बसावे. पदके आणि कमरेचे रंगीत पट्टे यांच्याकडे पाहू नये. कालपरवा आलेल्या पोराला शिकवणारा किती वेळ देतो आणि त्याला पडायला कसे शिकवतो, तेवढे पाहावे आणि तिथे नाव घालावे.