कुलाब्याची सुई आणि ध्रुवावरचे फुगे

गिरगावात ट्राम धावत असे, हे वयस्कर मंडळींना ऐकून तरी ठाऊक असेल. पण ट्रामपायी मुंबईतले एक मोलाचे शास्त्रकार्य अलिबागेस हलवावे लागले, ही हकीकत तुम्ही ऐकली आहे काय?

कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. टांगलेली चुंबकसुई किती ढळली, ते ठराविक वेळी पाहायचे आणि वहीत लिहायचे. नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू, यांनी तरुणपणी काही वर्षे येथेच काम केले. २ सप्टेंबर १८५९ रोजी या चुंबकत्वाचे आडवे बळ एकाएकी सुमारे १६०० नॅनोटेस्लाने उतरले. आदल्याच दिवशी इंग्लंडात कॅरिंग्टन यांनी सूर्यावर झगझगीत ज्योत पाहिली होती. ते सूर्याचे वादळ होते!

अशा वादळाचा मोठा जोर ध्रुवांकडे असतो. तिकडे आकाश रंगीत प्रकाशाने उजळते आणि वरच्या हवेतले विद्युत्‌क्षेत्र बदलते. ते मोजण्यासाठी १९६० नंतर शास्त्रज्ञांनी सुमारे ३० किलोमीटर उंचीवर फुगे सोडले. फुग्याखाली लांब दांड्या, त्यांच्या टोकांना विद्युत्‌वाहक गोळे. दोन गोळ्यांमधल्या विद्युत्‌दाबाचा फरक रेडिओवरून खाली कळतो. फुगा तासन्‌तास तरंगत राहतो, हा त्याचा मोठा गुण.

पण १८५९ साली हे फुगे कुठे होते? त्या वादळाचा हिशेब मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००३ साली मांडला, तो कुलाब्याच्या नोंदींवरून. हा नुसता हौसेचा हिशेब नव्हे. मार्च १९८९ मध्ये त्याहून लहान वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालवली.

आता ट्रामकडे वळू. घोड्यांची ट्राम जाऊन विजेची येणार असे ठरले. तिच्या प्रवाहाने सुई भलतेच दाखवणार! म्हणून वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी अलिबागला लोखंड न वापरता नवी इमारत उभारली. जुने आणि नवे आकडे जुळावेत म्हणून १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी ठेवल्या. मगच, ७ मे १९०७ रोजी, विजेची ट्राम सुरू झाली. १९६४ साली ती बंदही पडली. अलिबागच्या नोंदी मात्र आजही चालू आहेत.

गुरुजी, तुमच्या शाळेत मुले पाऊस मोजून वहीत लिहीत असतील, तर एक दिवसही खाडा पडू देऊ नका. कोणता आकडा पुढे कोणाच्या कामी येईल, हे लिहिणाऱ्याला कळत नसते.