पानिपतची वार्ता व दक्षिणेचें अंतर

पानिपतच्या संग्रामासंबंधीं नानासाहेब पेशव्यांवर एक आक्षेप वारंवार घेतला जातो. भाऊसाहेब उत्तरेंत कोंडले गेले असतां पेशवे ता. २७ डिसेंबर १७६० रोजीं पैठणास लग्नांत गुंतले. ते वेळींच निघते तर कुमक पोंचती, असें म्हणतात. या आक्षेपाची परीक्षा अंतर व काळ यांच्या हिशेबानें करून पाहणें अगत्याचें आहे.

प्रथम वार्तेचा वेग पाहूं. लढाई ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली. सावकाराच्या कासदाजवळील सांकेतिक पत्र पेशव्यांनीं भेलशास ता. २४ रोजीं फोडलें, असें रियासतकार सरदेसाई देतात. पानिपत ते भेलसें हें अंतर सुमारें ४६० मैल. तेव्हां कासदाची मजल रोज ४६ मैलांची पडते. ग्रँट डफ हा प्रसंग नर्मदा उतरतांना घडला असें लिहितो. ती जागा व तीच तारीख धरली तरी मजल ५५ मैलांच्या आसपासच येते. कासदास औरंगाबादेस नऊ दिवसांत पोंचावयाचें होतें, असेंही डफ सांगतो. पानिपतापासून औरंगाबाद सुमारें ८०० मैल. म्हणजे रोजची मजल ८९ मैलांची झाली. यावरून ते नऊ दिवस सावकारानें घातलेल्या मुदतीचे होत, प्रत्यक्ष प्रवासाचे नव्हत, हें उघड आहे.

आतां फौजेचा वेग. भाऊसाहेब ता. १४ मार्च १७६० रोजीं परतुडाहून निघाले व ऑगस्टच्या आरंभीं दिल्ली हातीं आली. वाटेंतील मुक्काम धरून सरासरी रोज पांच-सहा मैलांचीच पडते. पेशवे मात्र लग्नानंतर अठ्ठाविसाव्या दिवशीं भेलशास होते. पैठणाहून भेलसें निदान ३५० मैल आहे. ते लग्नाच्याच दिवशीं निघाले असें मानलें तरी त्यांची मजल रोज १२ मैलांहून कमी नव्हती. तेव्हां वाटेंत रेंगाळल्याचा दोष त्यांच्याकडे येत नाहीं.

मग ते निघावयास केव्हां हवे होते? अबदालीनें ता. २५ आक्टोबर १७६० च्या सुमारास बागपताजवळ यमुना उतरून मराठ्यांचा दिल्लीशीं संबंध तोडला. ही वार्ता कासदाच्या वरील वेगानें दक्षिणेंत येण्यास सतरा-अठरा दिवस, म्हणजे ता. ११-१२ नोव्हेंबर उजाडणार. त्याच दिवशीं पेशवे कूच करते व रोज १२-१३ मैल न थांबतां चालते, तरी पानिपतास पोंचण्यास दोन महिन्यांहून अधिक लागते. तों जानेवारीचा मध्य येता. शत्रूनें वाटा रोखिल्या होत्या, हें यांत धरलेलें नाहीं.

सारांश, यमुनापार होण्याची वार्ता ऐकून निघालेली कुमक लग्न असो वा नसो, वेळेवर पोंचणें जवळजवळ अशक्य होतें. पेशव्यांस दोष द्यावयाचा तर तो डिसेंबरांतील लग्नाबद्दल नव्हे. वार्तेची वाट न पाहतां पावसाळा संपतांच दुसरी फौज नर्मदेपलीकडे कां ठेविली नाहीं, याबद्दल द्यावा. पुरुषांच्या कृतीचा न्याय करितांना घटनेच्या तारखेबरोबर ती वार्ता त्यांच्या हातीं पडल्याची तारीखही पाहिली पाहिजे. भेलशाच्या छावणींत दहा दिवस पानिपतचा संग्राम अद्यापि व्हावयाचाच होता.