माशी बांधणारे हात

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी किंवा मुळा धरणाच्या फुगवट्याजवळ गळ टाकून बसलेल्या पुरुषाला कुणी काही विचारत नाही. त्याच जागी बाई बसली, तर येणारा-जाणारा थबकतो. बाईने पाण्यावर जायचं ते हंडा किंवा धुणं घेऊन. डोह आटल्यावर टोपलीने मासे धरले, बाजारात विकले, तरी चालतं. कारण ते काम आहे. अडतं ते विरंगुळ्यापाशी. म्हणून आज मला मासेमारीच्या एका प्रकाराची गोष्ट सांगायची आहे. त्याला फ्लाय फिशिंग म्हणतात.

यात गळाला गांडूळ लावत नाहीत. पिसं आणि दोरा गुंडाळून गळाचीच माशी करतात. ती इतकी हलकी, की नुसती फेकली तर पायाशीच पडेल. वजन असतं दोरीला. दोरी मागे जाऊन सरळ झाली, की नेमक्या त्या क्षणी काठी पुढे आणायची. ताकदीपेक्षा वेळ साधायची. कवितेत यती साधतो तशी.

अमेरिकेतल्या ऑर्व्हिस कंपनीत १८७६ पासून माश्या बांधण्याचं काम मेरी ऑर्व्हिस मारबरी पाहू लागली. हाताखाली बायकाच. एकाच माशीला गावोगाव निराळी नावं होती. मेरीने देशभरच्या मासेमारांकडून पत्रांनी माहिती मिळवली आणि १८९२ मध्ये जाडजूड ग्रंथ काढला. मला इथे आपल्या नगर-संगमनेरच्या विडी कामगार बायका आठवतात. वळायची एकीने, झुरका घ्यायचा दुसऱ्याने. मेरीने निदान त्या हातकामावर आपलं नाव घातलं.

मेन राज्यातली कॉर्नेलिया क्रॉस्बी बँकेत नोकरीला होती. प्रकृती ढासळली, तेव्हा डॉक्टरांनी मोकळ्या हवेत राहायला सांगितलं. १८८६ मध्ये बांबूची हलकी काठी भेट मिळाली आणि ती मासेमारीवर वर्तमानपत्रांतून लिहू लागली. १८९७ मध्ये राज्याने वाटाड्यांना परवाने द्यायला सुरुवात केली. पहिला परवाना तिचा!

१९२४ मध्ये क्लेमेंटिना मॉरिसन यांनी स्कॉटलंडच्या डेव्हरन नदीत अशाच माशीवर ६१ पौंडांचा सामन धरला. आपला भंडारदऱ्याचा बांध १९२६ मध्ये पुरा झाला. त्याच वर्षी अमेरिकेत जोन वुल्फ जन्मली. १९५१ मध्ये दोरी दूर फेकण्याच्या स्पर्धेत तिने सगळ्या पुरुषांना मागे टाकलं. १९६० मध्ये तिची फेक १६१ फुटांवर गेली. पुढे पतीसह तिने हे शिकवणारी शाळाच काढली.

आपल्याकडच्या एखाद्या मुलीला सुरुवात करायची असेल, तर आधी धरण नको. मोकळं मैदान पुरे. दोरीच्या टोकाला गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधायचा आणि हात बसेपर्यंत फेकत राहायचं. शेजारपाजारचे विचारतील, ‘बाई, इथे मासे कुठे?’ विचारू द्या. तोवर पाण्यावर जायची तयारी झालेली असेल.