विरोधी पक्षनेत्याची खुर्ची

पावणे येथे नागरिकशास्त्र शिकवताना मुले हमखास विचारतात, ‘सर, हरलेल्या पक्षाच्या नेत्याला संसदेत काय काम?’ मी यशवंतराव चव्हाणांचे उदाहरण देतो. १९७७ मध्ये काँग्रेसची सत्ता गेली आणि ते लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. त्याच वर्षी कायद्याने या पदाला वेतन मिळाले. जुलै १९७९ मध्ये चव्हाणांनी अविश्वास ठराव मांडला. मतदानाआधीच पंतप्रधान मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला.

२०१४ ते २०२४ मात्र लोकसभेतली ही खुर्ची रिकामी होती. कारण सांगितले गेले एक दशांश जागांचे. ती अट १९७७ च्या कायद्यात नाही. सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाच्या नेत्याला अध्यक्षांनी मान्यता द्यावी, एवढेच त्यात आहे. संख्येने कमी असलेल्यांचेही म्हणणे सभागृहात ऐकले जावे, म्हणून हे पद आहे. आमच्या मुलांना मी हे मुद्दाम समजावतो.