सुंदरबनची मेंढी, फलटणचा माळ

दख्खनच्या माळावरील मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. म्हणून कळपातील डोकी वाढविणे हाच उत्पन्न वाढविण्याचा मार्ग धनगरास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. परंतु डोकी वाढली, तरी रान वाढत नाही. गायराने नांगराखाली गेली आणि उरलेल्या माळावर गवताला मूळ धरण्याचीही उसंत मिळेना. या पेचातून निघण्याची वाट दाखविली ती बंगालच्या दलदलीतील ठेंगण्या गॅरोल मेंढीने. मात्र ही वाट ऑस्ट्रेलियावरून वळसा घेऊन आली.

इ. स. १७९२ व १७९३ या साली कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या सिडनीस पोहोचल्या. पुढे मेरिनोच्या लोकरीपुढे त्यांना कोणी विचारीना. त्यांचे रक्त मात्र कळपांत मुरले. कूमा गावानजीक ‘बुरूला’ या मळ्यावर सीअर्स बंधूंच्या मेरिनो मेंढ्या जुळी-तिळी कोकरे देऊ लागल्या. १९५८ साली त्यांनी पाच कोकरांच्या वेतातील एक मेंढा सरकारी संशोधन संस्थेस दिला. वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून १९८० च्या सुमारास अनुमान निघाले, की या बहुप्रसवतेचे मूळ एकाच जनुकात आहे. २००१ साली त्या जनुकातील बदल नेमका सापडला आणि २००२ साली तोच गॅरोल मेंढीत आढळला. हरवलेल्या वंशाचा माग असा लागला.

बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली फलटण येथे स्थापिलेल्या संशोधन संस्थेने मात्र या निर्णयाची वाट पाहिली नव्हती. १९९० नंतरच्या दशकातच तिने सुंदरबनातून गॅरोल मेंढ्या आणविल्या. गॅरोलची जुळी हवी होती, तिचा खुजेपणा नको होता. म्हणून डॉ. चंदा निंबकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी संकरित प्रजेचा दख्खनी मेंढीशी पुन्हापुन्हा संकर केला. पुढे रक्ताच्या चाचणीने जनुक असलेली कोकरे तेवढी निवडली. त्यातून ‘नारी सुवर्णा’ हा वाण सिद्ध झाला.

तथापि जनुक म्हणजे चारा नव्हे. जुळ्यांच्या आईस गाभणपणी व दुभतेपणी अधिक खुराक लागतो. तो न मिळाल्यास दुसरे कोकरू जगत नाही. तो मिळाला, तर तेवढ्याच मेंढ्यांपासून अधिक कोकरे हाती येतात आणि माळावरील भार वाढत नाही. परदेशी वाणाच्या मोहात घरचे वाण टाकून देणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानी धरावा. जगाने नवल मानलेले धन सुंदरबनाच्या चिखलात कधीचेच चरत होते.